जिनातले कुलूप



वऱ्हाडचा इतिहास म्हटला म्हणजे आपणांस कौंडिण्यपूर आठवते, अचलपूरची इमादशाही आठवते, गाविलगड आणि नरनाळा आठवतात. तो सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण शाळेपेक्षा जिनाच्या फाटकापाशी अधिक झाले. म्हणून आम्ही आज एका कुलपाचा इतिहास सांगणार आहोत.

अमरावती-अकोल्याच्या माणसाला जिन म्हणजे काय हे सांगावयास नको. पण जिनाच्या पोटात काय असते हे किती जणांनी पाहिले आहे? जुन्या जिनात रेचे ओट्यावर रांगेने मांडलेले असत. चामड्याचे रूळ रुई ओढून घेत आणि सुरीशी अडलेली सरकी खाली पडे. या साऱ्या रेच्यांना फिरविणारा एकच लांब दांडा ओट्याखालच्या अरुंद बोळातून गेलेला असे व त्यावरून एकेका रेच्याला पट्टा चढे. त्या बोळात सरकी काढावयास, झाडावयास, तेल घालावयास कोणाला तरी शिरावे लागे. उजेड कमी, हवेत कापसाचा भुरका, अंगावर लुगडे. गुळगुळीत दांडा वेगाने फिरताना स्थिर असल्यासारखा दिसतो. पदराचे टोक त्याला लागले की तो पदर गुंडाळतो आणि मग माणूस. इंजिन दुसऱ्या खोलीत. वीस-पंचवीस रेचे ओढणाऱ्या इंजिनाला एका बाईचे ओझे जाणवतही नाही.

१८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि तिच्या पाठोपाठ वाफेचे जिन-प्रेस कापसाच्या गावोगावी उभे राहिले. १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला, असे त्यात होते. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नका, असेही होते. (सात वर्षे! त्या काळी हीसुद्धा दया वाटली.) पण शंभर माणसांहून लहान कारखाना त्यातून सुटला आणि वर्षाकाठी चार महिन्यांहून कमी चालणाराही सुटला. कापसाचा हंगाम तो केवढा! मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणी-कामगारांच्या सभा भरवीत होते. वऱ्हाडच्या जिनातल्या बाईच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. हंगामी कारखान्यांना कायद्याचा हात लागला तो १९११ साली. १९२२ साली वीस माणसांचे कारखानेही त्यात आले. पुढे १९४८ च्या कायद्याने सांगितले की यंत्र चालू असताना कुंपण जागेवरच राहिले पाहिजे आणि चालत्या दांड्याची सफाई किंवा तेलपाणी बाईला सांगता येणार नाही. राज्यांच्या नियमांत तर जिनाचे नावच आले : दांड्याचा बोळ भिंतीने बंद करा, ये-जा करावयास दारे ठेवा, आणि ती दारे कुलूप लावून ठेवा.

हे आम्ही जुन्या बाजारातून घेतलेल्या एका फाटक्या पुस्तकात वाचले, आणि वाचल्यावर पहिल्यांदा कुलपे पाहावयास निघालो. बहुतेक दारांना कुलूप होते, पण ते कोयंड्यात उघडेच लोंबत होते. इन्स्पेक्टर आला की लागे. सरकी साचली तर रेचे अडतात. रेचे थांबवावे तर हंगाम थांबतो. एवढाच हिशेब.

१९९० नंतरच्या एका हंगामात एका जिनात बाईचा उजवा हात कोपरापासून गेला. मालकाने भरपाई नाकारली. १९२३ च्या भरपाई कायद्यात एक कलम होते : कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेची व्यवस्था काढली किंवा धुडकावली आणि त्या जखमेने मरण आले नाही, तर मालक मोकळा. बाई जगली, म्हणून ते कलम तिच्यावर उलटले. ती स्वतः दार उघडून आत गेली, असे लिहून आले. आम्ही वकील नव्हतो. आम्ही मुकादमाला एकच प्रश्न विचारला : किल्ली कोणाजवळ असते? तो भोळेपणाने म्हणाला, “किल्ली त माह्याच कंबरीले असते.” भरपाई मिळाली. रक्कम मोठी नव्हती. हात तर परत येणारच नव्हता.

२००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत पुष्कळ जिन सुधारले, रेच्याला स्वतंत्र मोटार आली, बोळ बुजले. आता फिरते यंत्र हातात आले आहे. मागच्या उन्हाळ्यात एका वर्कशॉपमध्ये एक पोरगा ग्राइंडर चालवीत होता. चाकावरचे झाकण काढलेले. लहान ग्राइंडरला मोठे चाक बसविले होते, म्हणून झाकण बसत नव्हते. असे चाक आपल्या मर्यादेपेक्षा वेगाने फिरते आणि फुटले तर त्याचे तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. आम्ही म्हणालो, बाबा, आधी पिन काढ, मग चाक बदल, आणि ते झाकण आण. तो म्हणाला, “झाकण शेटच्या कपाटात हाये, काका. कपाटाले कुलूप हाये.”