पेटकर, मुरलीकांत राजाराम
(१ नोव्हेंबर १९४४ – ). पॅरालिंपिक क्रीडासामन्यांत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे महाराष्ट्रीय जलतरणपटू. १९७२ साली तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडल्बर्ग येथे ५० मी. मुक्त शैलीच्या शर्यतीत त्यांनी ३७·३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदविला. ऑलिंपिक व पॅरालिंपिक ह्या दोन्ही परंपरा एकत्र विचारात घेतल्यास वैयक्तिक क्रीडाप्रकारातील भारताचे हे पहिलेच सुवर्णपदक होय. असे असूनही क्रीडाविषयक लेखनात त्याची दखल दीर्घकाळ क्वचितच घेतली गेली.

पेटकर यांचा जन्म तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. कृष्णाकाठचा हा प्रदेश कुस्तीसाठी प्रसिद्ध असून १९५२ साली हेल्‌सिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांचे गोळेश्वर हे गावही ह्याच परिसरातील. पेटकर लहान वयातच भूसेनेत दाखल झाले. सिकंदराबाद येथे सेनेच्या विद्युत् व यांत्रिक अभियंता दलात (ई. एम. ई.) असताना मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी नाव मिळविले.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालील भाग लुळा पडला. ह्या युद्धात त्यांनी एक हात गमावला, असा उल्लेख काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. मुंबई येथील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले व तेथेच उपचाराचा एक भाग म्हणून ते पोहू लागले. जमिनीवर निरुपयोगी ठरलेल्या पायांचा भार पाण्यात बव्हंशी नाहीसा होतो; मात्र पायांचे फटके मारता येत नसल्याने शरीराचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि पाण्याचा विरोध वाढतो. त्यामुळे देह आडवा तोलून धरणे आणि तो पुढे नेणे ही दोन्ही कामे खांदे व बाहू यांनाच करावी लागतात. मुष्टियुद्धाने कमावलेले पेटकरांचे खांदे येथे उपयोगी पडले असावेत.

कण्याच्या दुखापतींमुळे पंगू झालेल्या रुग्णांसाठी क्रीडास्पर्धा भरविण्याची कल्पना लूटव्हिख गुटमान ह्या वैद्याची. नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आलेल्या गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या आवारात युद्धजखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. १९६० मध्ये हे सामने रोम येथे ऑलिंपिकपाठोपाठ झाले. भारताने त्यांत प्रथम भाग घेतला तो १९६८ साली तेल अवीव येथे. त्या पथकात पेटकर होते आणि टेबल टेनिसमध्ये त्यांनी पहिली फेरी पार केली. त्यांच्या परदेश प्रवासासाठी कसोटीपटू विजय मर्चंट यांच्या अपंगसाहाय्य संस्थेची मदत झाली.

१९७२ चे सामने वस्तुतः ऑलिंपिकनगरी म्यूनिक येथे व्हावयाचे होते. परंतु तेथील क्रीडाग्रामाचे निवासी सदनिकांत रूपांतर करण्याचे आधीच ठरले असल्याने ते हायडल्बर्ग येथे हलविण्यात आले. २ ते ११ ऑगस्ट ह्या काळात झालेल्या ह्या सामन्यांत चाळीसहून अधिक देशांचे सुमारे एक हजार खेळाडू उतरले होते. कण्याची इजा ज्या पातळीवर झाली असेल, तिच्यानुसार स्पर्धकांचे वर्ग पाडले जात. पेटकर तिसऱ्या वर्गात पोहले. सेकंदाला सुमारे १·३४ मी. हा त्यांचा सरासरी वेग, तोही केवळ हातांच्या बळावर, लक्षणीय होता. ह्याशिवाय भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीवरील अडथळ्यांची शर्यत (स्लॅलम) ह्या तिन्ही प्रकारांत त्यांनी अंतिम फेरी गाठली. पुढे त्याच महिन्यात सुरू झालेल्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचे कांस्यपदक तेवढे मिळाले.

हे यश मागे का पडले, ह्याचे एक कारण नावात सापडते. हायडल्बर्गचे सामने अधिकृतपणे ‘एकविसावे आंतरराष्ट्रीय स्टोक मँडव्हिल सामने’ होते. ‘पॅरालिंपिक’ ही संज्ञा त्यांना नंतर मागाहून लागू करण्यात आली. रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाणारे हे सामने म्हणजे वैद्यकीय उपचाराचाच एक प्रकार, अशी समजूत त्या काळी सहज होण्याजोगी होती. १९७६ व १९८० च्या सामन्यांत तर भारताचे पथकच नव्हते. पॅरालिंपिकमधील भारताचे दुसरे सुवर्णपदक देवेंद्र झाझडिया यांनी भालाफेकीत मिळविले ते २००४ मध्ये, अथेन्स येथे. आणि ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक अभिनव बिंद्रा यांना २००८ साली बीजिंग येथे नेमबाजीत मिळाले. बिंद्रा यांच्या यशानंतर ‘भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक’ हे शब्द सर्रास वापरले गेले. ऑलिंपिकपुरते ते अचूक आहेत. परंतु त्यापूर्वी छत्तीस वर्षे हायडल्बर्ग येथे घडलेली घटना त्यांत झाकली जाते.

सेनादलातून बाहेर पडल्यावर पेटकर यांनी पुण्यात ‘टेल्को’ ह्या कारखान्यात नोकरी केली. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ मध्ये त्यांनी केलेली मागणी मात्र मान्य झाली नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यांच्या जीवनावर आधारित चंदू चॅम्पियन हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. चरित्राचे साधन म्हणून तो जपूनच वापरला पाहिजे. पण पेटकरांचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने त्याच्यामुळे. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पेटकर यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते.