वृद्धाश्रमांची इमारत सुरक्षितता

वृद्धाश्रमांची इमारत सुरक्षितता म्हणजे वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे आणि तत्सम निवासी संस्थांच्या इमारतींची रचना, विद्युत व्यवस्था, अग्निशमन साधने आणि दैनंदिन सुविधा यांचा तेथील रहिवाशांच्या जीविताशी असलेला संबंध होय. मंदावलेली हालचाल, क्षीण दृष्टी व श्रवणशक्ती, स्मृतिभ्रंश किंवा अंथरुणाला खिळलेली अवस्था यांमुळे अनेक वृद्धांना संकटसमयी स्वतःहून बाहेर पडता येत नाही. सुदृढ माणसाला किरकोळ वाटणारा इमारतीतील दोष त्यामुळे त्यांच्यासाठी प्राणघातक ठरू शकतो.

दैनंदिन धोके

वृद्धांच्या इजांचे एक प्रमुख कारण घसरून किंवा अडखळून पडणे हे आहे. ओली व गुळगुळीत फरशी, उंच उंबरठे, असमान पायऱ्या, अपुरा उजेड आणि शौचालयात आधारदांडीचा अभाव यांमुळे पडण्याचा धोका वाढतो. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असल्याने खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता अधिक असते व त्यानंतर अनेकांचे चालणे-फिरणे कायमचे मर्यादित होते. न घसरणारी फरशी, दोन्ही बाजूंना कठडे, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रीचा मंद दिवा आणि बाहेरूनही उघडता येणारी शौचालयाची कडी हे उपाय तुलनेने कमी खर्चाचे आहेत. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतारमार्गाचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असा सर्वसाधारण निकष आहे.

आग आणि धूर

आगीत भाजण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक धोका धुराने गुदमरण्याचा असतो. ज्यांना उचलून न्यावे लागते अशा व्यक्तींना जिन्यावरून खाली आणण्यास वेळ लागतो. म्हणून अशा इमारतींत त्याच मजल्यावरील, अग्निरोधक भिंत व दरवाजा यांनी विभक्त केलेल्या सुरक्षित भागात रहिवाशांना आधी हलवण्याची पद्धत अवलंबली जाते. यासाठी पलंग जाईल इतके रुंद दरवाजे, मोकळे मार्गिका-पथ, धूरसूचक यंत्रे आणि रात्रपाळीला पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी आवश्यक असतात. चोरीच्या किंवा रहिवासी बाहेर निघून जाण्याच्या भीतीने कुलूपबंद ठेवलेले दरवाजे आणि खिडक्यांचे पक्के गज सुटकेच्या आड येतात.

अहमदनगर जिल्हा रुग्णालयातील आग

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी आग लागली. हा विभाग कोविड रुग्णांसाठी नव्याने उभारलेला होता. आगीच्या वेळी तेथे १७ रुग्ण उपचार घेत होते; त्यांपैकी ११ जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. मृतांपैकी बहुतेकांनी वयाची साठी ओलांडलेली होती. प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि नाशिक विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. काही डॉक्टर व परिचारिकांवर कारवाई झाली. परिचारिकांवरील कारवाईचा त्यांच्या संघटनांनी निषेध केला.

ही घटना वृद्धाश्रमातील नसली, तरी कृत्रिम श्वसनयंत्र किंवा प्राणवायूवर अवलंबून असलेल्या वृद्धांना वाचवण्यातील अडचणी तिने स्पष्ट केल्या. प्राणवायूचा पुरवठा असलेल्या जागेत आग वेगाने भडकते, तर अखंड चालणाऱ्या उपकरणांमुळे विद्युत यंत्रणेवर सतत भार राहतो. त्याच वर्षी ९ जानेवारी रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली होती, तर २३ एप्रिल रोजी विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली होती.

कायदेशीर तरतुदी

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा किमान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने स्थापन करू शकते. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांची निवासस्थाने रुग्णालयांप्रमाणेच संस्थात्मक इमारतींच्या गटात मोडतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात सादर करावे लागते.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. शहरांपासून दूर असलेल्या संस्थांपर्यंत अग्निशमन बंब पोहोचण्यास वेळ लागतो; त्यामुळे तेथे प्रारंभिक सुटकेची भिस्त इमारतीच्या रचनेवर आणि उपस्थित कर्मचाऱ्यांवरच असते.

अन्य देशांतील घटना

स्कॉटलंडमधील रोझपार्क शुश्रूषागृहात ३१ जानेवारी २००४ रोजी विद्युत दोषातून लागलेल्या आगीत १४ वृद्ध मरण पावले. खोल्यांचे अनेक दरवाजे उघडे असल्याने धूर आत शिरला होता. कॅनडातील क्वेबेक प्रांतात लील-व्हर्ट येथील वृद्धनिवासाला २३ जानेवारी २०१४ रोजी लागलेल्या आगीत ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीच्या जुन्या भागात स्वयंचलित तुषारयंत्रणा नव्हती. या दुर्घटनेनंतर प्रांतात वृद्धनिवासांसाठी अशी यंत्रणा बंधनकारक करण्याचे नियम आले.

हेही पहा

वृद्धाश्रम
अहिल्यानगर जिल्हा
अग्निशमन