गुरुदासपूर जिल्हा : भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

जिल्हा हा भारतीय प्रशासनाचा कणा मानला जातो. महसूल, न्याय, जनगणना आणि कायदा-सुव्यवस्था या सर्व बाबींचा विचार जिल्हा हे एकक धरूनच केला जातो. त्यामुळे जिल्ह्याची सीमा ही जणू निसर्गानेच आखून दिलेली असावी असा समज रूढ होतो. प्रत्यक्षात ती सीमा प्रशासनाच्या सोयीनुसार आखली जाते व त्याच सोयीनुसार बदलतेही. एरवी या बदलाचे परिणाम कागदपत्रांपुरते मर्यादित राहतात. मात्र पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्याच्या बाबतीत १९४७ साली जिल्ह्याची सीमा, तहसिलीची सीमा व जनगणनेतील टक्केवारी यांवर लाखो माणसांचे राष्ट्रीयत्व आणि वास्तव्य अवलंबून राहिले. या दृष्टीने गुरुदासपूरचा अभ्यास हा केवळ एका दूरच्या ग्रामीण जिल्ह्याचा अभ्यास ठरत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा जिल्हा प्रामुख्याने संत नामदेवांच्या घुमान या गावामुळे परिचित आहे. एप्रिल २०१५ मध्ये तेथे डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडले. तथापि, घुमान ज्या भूमीत वसले आहे त्या भूमीच्या इतिहासाकडे मराठीत फारसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात गुरुदासपूर जिल्ह्याची भौगोलिक रचना, ऐतिहासिक जडणघडण आणि लोकसंख्येची स्थित्यंतरे यांचा आढावा घेऊन या तीन घटकांनी परस्परांवर कसा परिणाम केला याची चिकित्सा करण्यात आली आहे.

भौगोलिक रचना :

गुरुदासपूर जिल्ह्याचा मुख्य भाग बारी दोआबात, म्हणजे बियास व रावी या दोन नद्यांच्या दरम्यान येतो. सांस्कृतिकदृष्ट्या हा प्रदेश माझा या नावाने ओळखला जातो. जिल्ह्याच्या उत्तरेस शिवालिकच्या टेकड्या असून तेथून भूमी नैर्ऋत्येकडे उतरत जाते. दोन्ही नद्यांच्या काठी पुराच्या गाळाने बनलेला सखल 'बेट' प्रदेश आहे, तर मधला उंचवट्याचा भाग गहू, भात व ऊस यांच्या लागवडीस अनुकूल आहे. काहनूवान व केशोपूर परिसरात 'छंब' या नावाने ओळखली जाणारी पाणथळ क्षेत्रे आढळतात. त्यांपैकी केशोपूर-मियानी क्षेत्राचा २०१९ मध्ये रामसर यादीत समावेश झाला.

या भूगोलातील सर्वांत महत्त्वाचे स्थान म्हणजे माधोपूर होय. रावी नदी डोंगर सोडून मैदानात प्रवेश करते ती येथेच. शाहजहानच्या काळात अली मर्दान खान याच्या देखरेखीखाली लाहोरकडे पाणी नेणारा हसली कालवा याच परिसरातून काढण्यात आला होता. ब्रिटिशांनी १८५९ साली येथूनच अप्पर बारी दोआब कालवा सुरू केला. या कालव्याच्या पाण्यावर गुरुदासपूरबरोबरच अमृतसर व लाहोर या जिल्ह्यांची शेती अवलंबून राहिली. १८८० मध्ये धारीवाल येथे लोकरीच्या कापडाची जी गिरणी निघाली तिलाही कालव्याच्या धबधब्यापासून शक्ती मिळत असे. थोडक्यात, डोक्याशी गुरुदासपूर आणि पुढे अमृतसर-लाहोर अशी एक सलग जलव्यवस्था ब्रिटिश काळात आकारास आली. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक जडणघडण :

मध्ययुगात हा प्रदेश लाहोरकडे जाणाऱ्या मार्गावर असल्याने राजकीयदृष्ट्या महत्त्वाचा होता. कलानौर येथे १४ फेब्रुवारी १५५६ रोजी अकबराचा राज्यारोहण विधी झाला. गुरू नानकांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात रावीकाठच्या करतारपूर येथे वास्तव्य केले व तेथेच १५३९ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याही पूर्वी संत नामदेवांनी घुमान येथे दीर्घकाळ वास्तव्य केल्याची परंपरा असून त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत.

अठराव्या शतकात हा प्रदेश मोगल सत्तेविरुद्धच्या शीख संघर्षाचे केंद्र बनला. गुरुदास नंगल येथील सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर डिसेंबर १७१५ मध्ये बंदा बहादूर पकडला गेला. १७४६ साली काहनूवानच्या छंबात आश्रय घेतलेल्या शिखांचा मोठा संहार झाला. शीख इतिहासात तो 'छोटा घल्लूघारा' म्हणून ओळखला जातो. याच काळातील अदीना बेग याचे नाव मराठ्यांच्या इतिहासाशीही निगडित आहे. जिल्ह्यातील दीनानगर हे त्याच्याच नावावरून वसले. एप्रिल १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरात शिरल्यानंतर वार्षिक ७५ लाख रुपयांच्या कराराने मराठ्यांनी पंजाबचा कारभार त्याच्याकडे सोपवला. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मरण पावला आणि मराठ्यांची पंजाबातील घडी विस्कटली. पुढे हा प्रदेश रामगढिया व कन्हैया मिसलींच्या आणि नंतर रणजितसिंहाच्या ताब्यात गेला. दीनानगर हे रणजितसिंहाचे उन्हाळी वास्तव्याचे ठिकाण होते.

१८४९ साली पंजाब ब्रिटिश राज्यात विलीन झाल्यावर जिल्ह्याचे मुख्यालय प्रथम दीनानगर, नंतर बटाला व अखेरीस १८५२ साली गुरुदासपूर येथे आले. रावीपलीकडील शकरगढ तहसीलही याच जिल्ह्यास जोडण्यात आली. अशा रीतीने बटाला, गुरुदासपूर, पठाणकोट व शकरगढ या चार तहसिलींचा जिल्हा तयार झाला. यांपैकी तीन तहसिली रावीच्या अलीकडे तर एक पलीकडे होती. म्हणजे जिल्हा हे एकक नैसर्गिक नव्हते, तर महसुली सोयीतून निर्माण झालेले होते हे स्पष्ट होते.

१९४१ ची जनगणना आणि सीमेचा प्रश्न :

१९४१ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,५३,५११ होती. त्यांत मुस्लिमांची संख्या ५,८९,९२३, म्हणजे ५१.१४ टक्के होती. निम्म्या लोकसंख्येहून हे प्रमाण जेमतेम १३ हजारांनी अधिक होते. तहसीलवार पाहता बटाल्यात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के, गुरुदासपूरमध्ये सुमारे ५२ टक्के, शकरगढमध्ये सुमारे ५१ टक्के, तर पठाणकोटमध्ये सुमारे ३९ टक्के होते. उर्वरित लोकसंख्येत हिंदू व शीख यांच्याबरोबरच ख्रिश्चन समाजही लक्षणीय होता.

जिल्हा हे एकक मानल्यास गुरुदासपूर मुस्लिमबहुल ठरत होता. त्यामुळे १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या परिशिष्टात तात्पुरत्या विभागणीसाठी त्याची गणना पश्चिम पंजाबात करण्यात आली. मात्र ही विभागणी अंतिम नव्हती. ४ जून १९४७ च्या पत्रकार परिषदेत माउंटबॅटन यांनी गुरुदासपूरचे उदाहरण देऊन सीमा आयोग संपूर्ण जिल्हा एका बाजूला टाकीलच असे नाही, असे सूचित केले होते. त्या वेळी त्यांनी मुस्लिमांचे प्रमाण ५०.४ टक्के असे सांगितले. ते जनगणनेतील आकड्याशी जुळत नव्हते. विशेष म्हणजे त्यापूर्वी फेब्रुवारी १९४६ मध्येच व्हाइसरॉय वेव्हेल यांनी लंडनला पाठवलेल्या आराखड्यात गुरुदासपूर हा भौगोलिक कारणास्तव अमृतसरबरोबर ठेवावा लागेल, असे मत नोंदवले होते.

सर सिरिल रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखालील पंजाब सीमा आयोगात दीन मुहम्मद, मुहम्मद मुनीर, मेहरचंद महाजन व तेजासिंग हे न्यायमूर्ती सदस्य होते. सदस्यांत एकमत न झाल्याने निर्णय रॅडक्लिफ यांच्याकडे आला. १७ ऑगस्ट रोजी जाहीर झालेल्या निवाड्यानुसार केवळ शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली व उर्वरित तीन तहसिली भारतात राहिल्या. १४ ते १७ ऑगस्ट या काळात जिल्ह्याचा कारभार पाकिस्तानी अधिकाऱ्यांच्या हाती होता. ज्यांनी पाकिस्तानचा ध्वज उभारला ते तीन दिवसांनी भारतात असल्याचे त्यांना कळले.

निवाड्याच्या कारणांची चिकित्सा :

काश्मीरकडे जाणारा मार्ग भारताला मिळावा म्हणूनच हा निवाडा दिला गेला, असे मत पाकिस्तानात व काही अभ्यासकांकडून मांडले जाते. या मताची तपासणी होणे आवश्यक आहे. पठाणकोट तहसील गैरमुस्लिमबहुल असल्याने लोकसंख्येच्या निकषावरही ती भारतात राहणे स्वाभाविक होते. मात्र त्या वेळी पठाणकोटला जाणारा रेल्वेमार्ग अमृतसर-बटाला-गुरुदासपूर असाच होता. मुकेरियां-पठाणकोट रेल्वेमार्ग स्वातंत्र्यानंतर झाला. त्यामुळे बटाला व गुरुदासपूर पाकिस्तानात गेले असते तर पठाणकोटचे दळणवळण अवघड झाले असते, हे या मताच्या बाजूचे तथ्य आहे.

परंतु केवळ या एकाच कारणाने निवाड्याचा उलगडा होत नाही. काश्मीर संस्थानाचे भवितव्य अनिश्चित असतानाच वेव्हेल यांनी अमृतसरच्या संदर्भात तोच निष्कर्ष काढलेला होता. बटाला व गुरुदासपूर पाकिस्तानात गेल्यास अमृतसरच्या पश्चिमेस लाहोर, उत्तरेस गुरुदासपूर आणि आग्नेयेस मुस्लिमबहुल कपूरथळा संस्थान अशी स्थिती झाली असती. शिखांचे पवित्र शहर अशा रीतीने वेढले जाणे राजकीयदृष्ट्या शक्य नव्हते. शिवाय अमृतसरच्या शेतीला पाणी देणाऱ्या कालव्याचे मुख माधोपूर येथे होते. रॅडक्लिफ यांचे सचिव ख्रिस्तोफर बोमाँट यांनी १९९२ साली फिरोजपूरच्या बाबतीत दबावाखाली बदल झाल्याचे सांगितले, पण गुरुदासपूरच्या रेषेत तसा बदल झाला नाही असेही नमूद केले. यावरून असे म्हणता येते की, लोकसंख्येचा निकष व भूगोलाचा निकष यांत विरोध निर्माण झाला तेव्हा येथे भूगोलाला प्राधान्य मिळाले. ज्या बहुसंख्य मुस्लिमांनी आकड्यांवर विश्वास ठेवला होता त्यांच्या दृष्टीने मात्र हा अन्यायच होता, हेही नाकारता येत नाही.

फाळणीनंतरची लोकसंख्या :

निवाड्यानंतर जिल्ह्यातील जवळजवळ संपूर्ण मुस्लिम समाजाला हिंसाचाराच्या छायेत स्थलांतर करावे लागले. कादियान येथे अहमदिया पंथाचे ३१३ अनुयायी आपल्या धर्मस्थळांच्या रक्षणासाठी मागे राहिले, ही दुर्मीळ अपवादात्मक घटना होय. याउलट रावीपलीकडून हिंदू व शीख निर्वासितांचे तांडे डेरा बाबा नानकच्या पुलावरून येत राहिले. ज्या आकड्यांवरून वाद झाला ते आकडेच काही महिन्यांत निरर्थक ठरले.

कालव्याच्या पाण्याचेही विभाजन झाले. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणारे पाणी रोखले. त्यातून सुरू झालेल्या वादाची परिणती १९६० च्या सिंधू जलकरारात होऊन रावीचे पाणी भारताच्या वाट्याला आले. हा करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केला.

जिल्ह्याची सीमा त्यानंतरही स्थिर राहिली नाही. १९६६ च्या पुनर्रचनेत डलहौसी हिमाचल प्रदेशाकडे गेले आणि २०११ मध्ये पठाणकोट हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ ची जनगणना ही आज उपलब्ध असलेली शेवटची जनगणना होय. तिच्यानुसार अविभाजित गुरुदासपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २३ लाख असून त्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ८९५ इतके कमी आहे. हिंदू सुमारे ४७ टक्के, शीख सुमारे ४४ टक्के व ख्रिश्चन सुमारे ८ टक्के असून मुस्लिमांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. सात दशकांपूर्वी निम्म्याहून अधिक असलेला समाज आज नगण्य झाला आहे.

करतारपूर साहिब हे स्थळ शकरगढ तहसिलीत असल्याने पाकिस्तानात गेले. अनेक वर्षे भाविक डेरा बाबा नानक येथून दुर्बिणीने त्याचे दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी मार्गिका खुली झाली, परंतु मे २०२५ मधील संघर्षाच्या वेळी भारताने ती बंद केली. त्याच वर्षी ऑगस्टमधील रावीच्या महापुरात माधोपूर बंधाऱ्याचे दरवाजे वाहून गेले. करतारपूर आणि गुरुदासपूरची शेकडो गावे एकाच वेळी पाण्याखाली गेली. मानवनिर्मित सीमा नदीला मान्य नसते, याचा तो प्रत्यय होता.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गुरुदासपूर जिल्हा हे एकक प्रशासकीय सोयीतून निर्माण झाले होते. त्याच्या टक्केवारीला राष्ट्रीय सीमेचा आधार मानणे मुळातच सदोष होते.

२) १९४७ च्या निवाड्याचे स्पष्टीकरण काश्मीरचा मार्ग या एकाच कारणाने करता येत नाही. अमृतसरचे स्थान व कालव्याची रचना यांचाही विचार करावा लागतो.

३) येथे लोकसंख्येवरून सीमा ठरली नाही, तर सीमेवरून लोकसंख्या ठरली. आजची धार्मिक रचना ही निवाड्याचे कारण नसून परिणाम आहे.

४) जल, मार्ग व श्रद्धास्थाने यांचे संबंध सीमेने तुटत नाहीत. ते प्रश्नांच्या रूपाने पुन्हा पुन्हा समोर येतात.

जनगणनेचे तक्ते व जिल्हा गॅझेटिअर ही इतिहास, भूगोल व लोकसंख्याशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापनात नित्य वापरली जाणारी साधने आहेत. त्यांतील जिल्हा हा शब्द स्थिर मानून निष्कर्ष काढल्यास काय घडू शकते, हे गुरुदासपूरच्या उदाहरणावरून लक्षात येते. म्हणून आकड्यांचा अभ्यास करताना ते आकडे कोणत्या सीमेच्या आत व कोणत्या हेतूने मोजले गेले, हा प्रश्न प्रथम विचारला जाणे अगत्याचे आहे.