लॉक हा लवासाचा वकील नव्हे

पुण्याजवळच्या लवासा या खासगी गिरिशहराचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. मोसे खोऱ्यातले डोंगर ओसाड होते. तिथे ज्याने भांडवल ओतले, रस्ते काढले, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर दासवे हे नगर उभे केले, त्याचाच त्या भूमीवर नैतिक हक्क. वाचन असलेली माणसे याला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा आधार देतात. जमिनीत श्रम मिसळले की ती श्रमणाऱ्याची, हे त्याचे तत्त्व. लवासा त्याचा चोख दाखला. विरोधकही हे मान्य करून लॉकलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. माझ्या मते दोघांनीही लॉक अर्धाच वाचला आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी पुरता मांडतो. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टू ट्रीटायझेस ऑफ गव्हर्नमेंट’च्या दुसऱ्या निबंधात लॉक म्हणतो की माझ्या गड्याने खणलेली गवताची ढेकळेही माझीच. म्हणजे मजुराचे श्रम मालकाच्या खात्यावर. कसलेल्या जमिनीचे मोल पडीकाच्या कित्येक पट, हा त्याचाच हिशेब. शिवाय तो कॅरोलायना वसाहतीच्या मालकमंडळाचा सचिव होता, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची शिकारीची राने त्याने मोकळी जमीन मानली. हा डाग पुसता येणार नाही.

तीच चूक लवासाच्या मुळशी तालुक्यात पुन्हा झाली. डोंगरउतारावरची वरकस जमीन काही वर्षे नाचणी-वरईला, मग काही वर्षे विसाव्याला, अशी फिरवून कसतात. खालच्या भातखाचरांच्या राबाला पालापाचोळा लागतो तो त्याच रानातला, आणि गुरे चरतात तीही तिथेच. पुण्याहून आलेल्या माणसाला विसाव्यातले रान ओसाड दिसते. वास्तविक त्या विसाव्यातही पिढ्यांचे श्रम आणि शहाणपण आहे.

पण लॉकने हक्काला अटीही घातल्या होत्या. लवासाच्या समर्थकांनी त्याची चूक उचलली आणि अटी मागे ठेवल्या.

पहिली अट : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. इथे लॉक उदाहरण देतो ते नदीचे. कुणी भरपेट पाणी प्यायला तरी सबंध नदी उरते, म्हणून त्यात कुणाचे नुकसान नाही. मोसे नदीला हे लावून पाहा. तिच्यावर खाली वरसगाव धरण आहे आणि ते पाणी पुणे शहराला जाते. त्याच्या वर, पाणलोटात, पाटबंधारे खात्याच्या महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी आणि दासव्याचा बांध. वरच्याने अडवले की खालच्याचे घटते. लॉकची नदी अशी नव्हती.

दुसरी अट सामाईकाची. इंग्लंडमधली गावाची सामाईक जमीन इतर हक्कदारांच्या संमतीशिवाय कुणालाही कुंपणात घेता येत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. लवासाने जमीन बहुतांशी विकत घेतली, हा आक्षेप इथे येईल. तो खराही आहे. पण विकणाऱ्याने विकला तो आपल्या सातबाऱ्यावरचा हिस्सा. ओढा, पायवाट, चराई त्या एकट्याच्या नव्हत्याच. त्या त्याने कशा विकाव्यात? याच तालुक्यात १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हा देऊ केलेली भरपाई म्हणजे संमती नव्हे, हे त्या शेतकऱ्यांनी तुरुंगात जाऊन दाखवले.

मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. माणूस स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, म्हणून शासन हवे, हा लॉकच्या राज्यविचाराचा कणा. २००१ मध्ये १८ गावांचा भाग गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाला आणि २००८ मध्ये तिथे विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला गेला तो खुद्द लवासा कंपनीला. बांधणारा तोच, परवानगी देणाराही तोच. हा दर्जा २०१७ मध्ये काढला गेला. लॉकच्या नावाने याचे समर्थन कसे करायचे, हे मला कुणी सांगावे.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अर्धवट इमारती पावसात भिजत राहिल्या. इथे लॉकची तिसरी अट येते, नासाडीची. कुंपणातले गवत जागीच कुजले, फळे न तोडता सडली, तर कुंपण असूनही ती जमीन पडीकच समजावी आणि दुसऱ्याने घ्यावी, असे लॉक सांगतो. सोने कुजत नाही, म्हणून पैशाच्या साठ्याला ही मर्यादा नाही, हे त्याने मान्य केले. स्लॅब आणि भिंतींना मात्र ही सवलत लागू होत नाही. दिवाळखोरीच्या यादीत बँका आणि घर घेणारे धनको म्हणून बसतात. चराई आणि पायवाट गेलेल्या वाड्या त्या कायद्याने धनको ठरत नाहीत. लॉकला साक्षीला बोलवायचेच असेल, तर तो त्या वाड्यांचे नाव यादीत घालायला सांगेल.