विल्यम व्हर्नन हारकोर्ट

सर विल्यम व्हर्नन हारकोर्ट (१४ ऑक्टोबर, १८२७ – १ ऑक्टोबर, १९०४) हे इंग्लंडमधील बॅरिस्टर व लिबरल पक्षाचे राजकारणी होते. १८९४ च्या अर्थसंकल्पात त्यांनी आणलेल्या मृत्युकरासाठी ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य व वकिली

हारकोर्ट यांचा जन्म यॉर्क येथे झाला. त्यांचे आजोबा यॉर्कचे आर्चबिशप होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन ते १८५४ मध्ये बॅरिस्टर झाले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांनी 'हिस्टॉरिकस' या टोपणनावाने 'द टाइम्स'मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्यावर पत्रे लिहिली. ब्रिटनने तटस्थ राहावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८६९ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक झाले.

राजकीय कारकीर्द

१८६८ मध्ये ते ऑक्सफर्डमधून संसदेवर निवडून गेले. १८८० मध्ये गृहमंत्री झाल्यावर तत्कालीन नियमानुसार त्यांना पुन्हा निवडणूक लढवावी लागली व तीत ते पराभूत झाले. तेव्हा सॅम्युएल प्लिमसॉल यांनी डर्बीची आपली जागा त्यांच्यासाठी सोडली. १८८६ मध्ये आणि १८९२ ते १८९५ या काळात ते अर्थमंत्री होते. १८९४ मध्ये ग्लॅडस्टन निवृत्त झाल्यावर पंतप्रधानपद मात्र लॉर्ड रोझबेरी यांच्याकडे गेले.

मृत्युकर

तोपर्यंत वारसाहक्काने मिळणाऱ्या जमिनीवर इतर मालमत्तेपेक्षा सौम्य कर होता. वाढता आरमारी खर्च भागविण्यासाठी हारकोर्ट यांनी हा भेद मोडून मृताच्या एकूण मालमत्तेवर चढत्या दराने कर बसविला. लहान मालमत्तेवर तो १ टक्का, तर १० लाख पौंडांवरील मालमत्तेवर ८ टक्के होता. जमीनदार वर्गाने त्यास विरोध केला. स्वतः रोझबेरी यांनीही आक्षेप घेतले. तरीही कायदा संमत झाला व पुढील सरकारांनी हे दर वाढवीत नेले. भारतात १९५३ मध्ये झालेला संपदा शुल्क कायदा याच ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर होता.

अखेरचा काळ

१८९६ ते १८९८ या काळात हारकोर्ट लिबरल पक्षाचे नेते होते. १९०४ मध्ये पुतण्याच्या निधनानंतर ऑक्सफर्डजवळील न्यूनहॅम ही कौटुंबिक जहागीर त्यांच्याकडे आली आणि त्यांच्याच कायद्यातील कर तिलाही लागू झाला. त्याच वर्षी तेथे त्यांचे निधन झाले.