सर्पगंधेचा गुण आणि अवगुण

'झाडपाल्याचे औषध; गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!' हे वाक्य आपल्या घरी कधीच ऐकिले नाही असे वाचक आम्हांस क्वचितच सापडतील. डॉक्टरी औषध तेवढे बाधते आणि मुळी निरुपद्रवी, ही समजूत कितपत खरी आहे हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी सर्पगंधेचा इतिहास चाळावा.

बिहारात या मुळीस 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी असे प्रसिद्ध केले की, हिचे वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसातून दोन वेळा दिल्याने झोप येते, वेडाचा आवेग ओसरतो, शिवाय रक्तदाबही उतरतो. तथापि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे खऱ्या अर्थाने वळविले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी ५० रोग्यांवरील अनुभव मांडला. मुंबईकरांनी अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट होय. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडातील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले आणि मुळीची गोळी झाली.

गोळीबरोबर तक्रारीही आल्या. ज्ञानतंतूंच्या अग्रांशी नॉरॲड्रिनलिन, सेरोटोनिन इत्यादी द्रव्यांचा साठा असतो. रेसरपीन तो रिता करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून दाब उतरतो. पण नाकातील वाहिन्याही सैलावतात व नाक चोंदते. मन निवते, काहींचे इतके निवते की, जगण्यातील गोडीच जाते. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसरपीन घेणाऱ्या रोग्यांत अशी खिन्नता आढळल्याचे १९५४ साली अमेरिकेतील डॉ. फ्रीस यांनी नोंदविले. अल्प मात्रेत हे भय वाटले तितके नाही, असे पुढील काही अभ्यासकांचे मत पडले. परंतु खिन्नतेचा विकार असलेल्यास हे औषध देऊ नये, हा दंडक कायम राहिला.

आता हा दोष कारखान्याचा म्हणावा काय? रेसरपीन मुळीतच होते. ते सर्पगंधेच्या चूर्णातही आहे आणि घनवटीतही. गुण व अवगुण एकाच क्रियेची फळे असल्यामुळे एक ठेवून दुसरा टाळता येत नाही. मात्रा मात्र बेताची ठेविता येते. चूर्णात नेमके तेच अवघड, कारण मुळीमुळीत सत्त्वाचे प्रमाण बदलते. त्यात रक्तदाबाची डॉक्टरी गोळी चालू असली तर दाब दुहेरी उतरतो व उठता-उठता घेरी येते. 'आणखी काही औषध घेता काय?' या डॉक्टरांच्या प्रश्नास 'काही नाही' म्हणणारे आजोबा खोटे बोलत नसतात. उशाशी ठेविलेली पुडी त्यांच्या लेखी औषधात जमाच नसते.