टेस्ट आधी, कोड नंतर

१८ जुलै १९७०. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या एका शाळेत मैदानावर व्यायाम करणाऱ्या मुलींचे डोळे चुरचुरायला लागले, घसे दुखू लागले. चाळीसहून अधिक जणींना दवाखान्यात न्यावं लागलं. कारण होतं धुरकं. गाड्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यात सूर्यप्रकाशामुळे रासायनिक क्रिया झाली की ओझोन तयार होतो.

१९७३ मध्ये जपानने हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडची दिवसाची सरासरी मर्यादा ०.०२ पीपीएम ठरवली. उद्योगांना ती अशक्य वाटली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्यात एक पद्धत आहे: आधी टेस्ट लिहायची, ती फेल होऊ द्यायची, मग ती पास होईल असा कोड लिहायचा. जपानने कायद्यातून तेच केलं.

उत्तराचं बीज जुनंच होतं. धुरात अमोनिया सोडून तो उत्प्रेरकावरून नेला की नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर होतं. अमेरिकेतल्या एंगेलहार्ड कंपनीने याचं पेटंट १९५७ मध्येच घेतलं होतं. पण प्लॅटिनम महाग, आणि तेल-कोळशाच्या धुरातलं गंधक बऱ्याच उत्प्रेरकांना निकामी करायचं. जपानी संशोधकांनी टायटॅनियम ऑक्साइडच्या आधारावर व्हॅनेडियम ऑक्साइड बसवलं. ते गंधकाला पुरून उरलं आणि ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला नीट काम करू लागलं.

१९७८ मध्ये जपानने मर्यादा ०.०४ ते ०.०६ पीपीएम अशी सैल केली. पण तोवर तंत्र उभं राहिलं होतं. १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीनेही ते उचललं.

फेल झालेली टेस्ट हिरवी करायचे दोन मार्ग असतात: कोड सुधारा, नाहीतर टेस्टच सैल करा. जपानने दोन्ही केलं, पण कोड आधी.

आपल्याकडे डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने २००३ ते २०१६ दरम्यानच्या औष्णिक संचांना घनमीटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. चंद्रपूरचे आठ आणि नऊ क्रमांकाचे संच याच गटातले. २०२० मध्ये ती मर्यादा ४५० झाली.

आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, ती उत्प्रेरक झिजवते, असं म्हणतात. अडचण खरी आहे. गंधकाचीही खरीच होती.